नायकाचे वय आणि खलनायकाचे वय

चित्रपटातल्या प्रत्येक पात्राला दोन वये असतात. एक कथेने दिलेले, दुसरे ते पात्र रंगवणाऱ्या नटाचे. ही दोन वये तंतोतंत जुळावीत असा कुणाचाच आग्रह नसतो आणि तसा आग्रह धरला तर अभिनय नावाची गोष्टच उरणार नाही. तरीही त्यांच्यातले अंतर कुठे पडते, कुणाच्या वाट्याला येते आणि कोणत्या दिशेने वाढते, यावर चित्रपटातला झगडा नेमका कशाचा हे ठरते. तरुण नायक आणि वयस्क खलनायक समोरासमोर आले की कथा बंडाची होते. नायकच वयाने मोठा आणि खलनायक धाकटा असला की तीच मारामारी बंदोबस्ताची होते. हिंदी चित्रपटाने गेल्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांत पहिल्या प्रकाराकडून दुसऱ्याकडे प्रवास केला. तो कुणी ठरवून घडवलेला नाही. नायकाने म्हातारे व्हायचे नाकारले, त्याचा हा परिणाम आहे.

रंगभूमीवर वयाचा प्रश्न एवढा टोकदार नव्हता. प्रेक्षक आणि नट यांच्यामध्ये अंतर असे, वर गाण्याची मोहिनी असे. बालगंधर्व पन्नाशी उलटल्यावरही नवयौवनेच्या भूमिकेत उभे राहत आणि प्रेक्षक ते मान्य करीत. कॅमेरा मात्र चेहऱ्याच्या अगदी जवळ जातो. बालगंधर्वांनी 1935 साली प्रभातच्या ‘धर्मात्मा’त एकनाथांची पुरुषभूमिका केली, पुढे ‘साध्वी मीराबाई’त ते स्त्रीभूमिकेत पडद्यावर आले, पण रंगभूमीवरची जादू तिथे चालली नाही. उलट दिशेचे उदाहरण डॉ. श्रीराम लागूंचे. डिसेंबर 1970 मध्ये ‘नटसम्राट’चा पहिला प्रयोग झाला तेव्हा ते 43 वर्षांचे होते आणि साठी ओलांडलेले गणपतराव बेलवलकर साकारत होते. त्याच नाटकावरचा चित्रपट 1 जानेवारी 2016 रोजी आला, त्या दिवशी नाना पाटेकरांना 65 वर्षे पूर्ण झाली. रंगमंचाने त्रेचाळिशीतल्या नटाकडून वार्धक्य मिळवले होते. पडद्याने थेट त्या वयाचा चेहरा घेतला.

मराठी माणसाला वयातल्या अंतराचा प्रश्न नवा नाही. गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘शारदा’ने 1899 मध्ये जरठ-कुमारी विवाहावर घाव घातला. भुजंगनाथाचे वय हाच तिथला गुन्हा होता. 1937 साली व्ही. शांताराम यांनी ‘कुंकू’ काढला. ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरच्या या चित्रपटात शांता आपटे यांची नीरा एका प्रौढ विधुर वकिलाशी फसवून लावून दिलेले लग्न मनाने कधीच मान्य करीत नाही. केशवराव दाते यांनी ते काकासाहेब उभे केले आणि स्वतः पन्नाशीच्या आसपास असल्यामुळे त्यांच्या भूमिकेतली लाज, लालसा आणि शेवटी येणारी उपरती खरी वाटली. या चित्रपटात खलत्व माणसापेक्षा वयाच्या अंतरात आहे. पुढल्या काळात तेवढेच, किंबहुना त्याहून मोठे अंतर नायक-नायिकेच्या प्रेमगीतात बिनबोभाट सामावले गेले. 1978 च्या ‘देस परदेस’मध्ये देव आनंद पंचावन्न वर्षांचे आणि टीना मुनीम एकवीस वर्षांच्या होत्या. ‘कुंकू’ने ज्याला अन्याय म्हटले होते, ते आता प्रणयाचे साधे गृहीतक झाले होते.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकातले खलनायक पाहिले तर त्यांच्यामागे कुठली ना कुठली सत्ता दिसते: सावकार, जमीनदार, गिरणीमालक, घराण्याच्या अब्रूला जपणारा बाप. ‘आवारा’ 1951 च्या डिसेंबरात प्रदर्शित झाला तेव्हा राज कपूर सत्तावीस वर्षांचे होते. जन्मावरून माणसाची लायकी ठरवणारे न्यायाधीश रघुनाथ झाले होते पंचेचाळीस वर्षांचे पृथ्वीराज कपूर, म्हणजे त्यांचे खरे वडील, आणि जग्गा झालेले के. एन. सिंह त्रेचाळीस वर्षांचे. इथे पात्रांची आणि नटांची वये जवळपास जुळतात आणि म्हणूनच कोर्टातला संघर्ष दोन पिढ्यांचा वाटतो. ‘मदर इंडिया’त सुखीलाला झालेले कन्हैयालाल मुख्य नटांत वयाने सगळ्यांहून मोठे होते, गावाची पिढ्यान्‌पिढ्यांची कर्जे त्यांच्या वहीत असल्यावर तसे असणे आवश्यकच होते.

प्राण यांचे उदाहरण अधिक गुंतागुंतीचे आहे. त्यांचा जन्म 1920 चा. दिलीपकुमार 1922 चे, देव आनंद 1923 चे, राज कपूर 1924 चे. म्हणजे ज्या खलनायकाने या तिघांना छळले तो त्यांच्याहून दोन ते चार वर्षांनीच मोठा होता. तरीही पडद्यावर तो वडीलधारा भासे. ‘राम और श्याम’मधला गजेंद्र हा घरातला मेहुणा आहे, चाबूक त्याच्या हातात, तिजोरी त्याच्या ताब्यात. ‘मधुमती’तला उग्रनारायण जहागीरदार आहे. मिशी, सिगारेट, बुटांचा आवाज, थंडपणे फिरणारी नजर यांनी प्राण आपल्या अंगावर दहा-पंधरा वर्षे चढवीत आणि समोरचा समवयस्क नायक आपोआप पोरसवदा दिसू लागे. नायकाचे तारुण्य जपण्याचे निम्मे काम खलनायक करीत असे, याकडे अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही.

उरलेले निम्मे काम आईकडे असे. ‘मदर इंडिया’ 1957 साली आला तेव्हा नर्गिस 28 वर्षांच्या होत्या आणि त्यांचा मुलगा बिरजू झालेले सुनील दत्त त्यांच्याहून फक्त पाच दिवसांनी लहान होते. पुढल्याच वर्षी दोघांचे लग्न झाले. त्या चित्रपटाला निदान एक सबळ कारण होते, कारण नर्गिस नववधूपासून वृद्धेपर्यंतचे सगळे आयुष्य एकाच भूमिकेत जगतात. 1970 च्या ‘जॉनी मेरा नाम’ला असे कोणतेच कारण नाही. देव आनंद 47 वर्षांचे, त्यांचा हरवलेला भाऊ झालेले प्राण 50 वर्षांचे आणि या दोघांच्या आई सुलोचनाबाई लाटकर 42 वर्षांच्या! ‘दीवार’मध्ये शशी कपूर धाकटे भाऊ आहेत, प्रत्यक्षात ते अमिताभ बच्चन यांच्याहून चार वर्षांनी मोठे आणि आई झालेल्या निरूपा रॉय शशी कपूर यांच्याहून जेमतेम सात वर्षांनी मोठ्या. ‘त्रिशूल’मध्ये तर संजीवकुमार ज्या शशी कपूरचे वडील आहेत त्याच्याहून ते जवळपास चार महिन्यांनी लहान होते.

हे अंतर पुरुष आणि स्त्री नटांच्या बाबतीत सारखे वागत नाही. संजीवकुमार हे म्हाताऱ्या भूमिका स्वतःची कला म्हणून करीत. केस पांढरे करून, आवाज जड करून ते पुढल्या चित्रपटात पुन्हा तरुण होऊ शकत होते. 1985 साली वयाच्या 47 व्या वर्षी ते गेले. जे वार्धक्य त्यांनी इतक्या वेळा रंगवले ते त्यांच्या आयुष्यात आलेच नाही. अमजद खान यांनीही 1981 च्या ‘लावारिस’मध्ये आपल्याच पिढीतल्या अमिताभचा बाप रंगवला आणि त्यांचे काही बिघडले नाही. त्याच चित्रपटात राखी आई होत्या. ‘कभी कभी’मधली अमिताभची प्रेयसी पाच वर्षांनी त्याची आई झाली होती. 1982 मध्ये तर त्या ‘बेमिसाल’मध्ये अमिताभच्या समवयस्क सखी आणि ‘शक्ती’मध्ये त्याच्या माता होत्या. त्या 35 वर्षांच्या होत्या, तो चाळिशीला टेकला होता. दक्षिणेतही हेच घडले. 1975 च्या ‘अपूर्व रागंगल’मध्ये रजनीकांतने श्रीविद्याच्या नवऱ्याची छोटी भूमिका करून पदार्पण केले, 1991 च्या ‘दळपती’त त्या त्याची आई होत्या, वयाने त्याच्याहून लहान असूनही. ‘मून्रु मुडिचु’त 1976 साली तेरा वर्षांच्या श्रीदेवीने पंचविशीतल्या रजनीकांतची सावत्र आई रंगवली. एका बालवयातल्या मुलीला असे उभे करताना कुणाला खटकले नाही, हे त्या व्यवसायाच्या नजरेबद्दल पुरेसे सांगून जाते.

मराठी नायिकांनी हा भार विशेष वाहिला. 1990 च्या ‘अग्निपथ’मध्ये मांडव्याच्या विजय दीनानाथ चौहानची आई झालेल्या रोहिणी हट्टंगडी 38 वर्षांच्या होत्या आणि विजय झालेले अमिताभ 47 वर्षांचे. ‘वास्तव’मधल्या रीमा लागू आणि संजय दत्त यांच्या वयात एका वर्षाचे अंतर होते. या दोघींनी त्या भूमिकांत जे ओतले त्याला तोड नाही. ‘वास्तव’चा शेवट रीमाबाईंच्या चेहऱ्याशिवाय उभाच राहिला नसता. पण ती त्यांची थोरवी आहे, निवडीचे समर्थन नव्हे. चाळिशीतल्या नायकाला मुलगा म्हणून दाखवायचे तर त्याची आई सत्तरीची हवी. ती तशी घेतली तर शेजारी नायकाचा थोराडपणा उघडा पडतो. म्हणून आई तरुण घ्यायची, तिच्या केसांना पांढरा रंग लावायचा आणि नायकाच्या केसांना काळा.

सत्तरच्या दशकात पिढ्यांचा झगडा पुन्हा धारदार झाला. राज कपूर स्वतः नायक असलेला ‘मेरा नाम जोकर’ 1970 मध्ये पडला, तेव्हा ते शेहेचाळिशीत होते. तीन वर्षांनी त्यांनी ‘बॉबी’ काढला, त्यात ऋषी कपूर एकवीस वर्षांचा आणि डिंपल कापडिया सोळा वर्षांची. त्याच वर्षी ‘जंजीर’ आला. अमिताभ तिशीत, तेजा झालेले अजित एक्कावन्न वर्षांचे. एके काळी नायक राहिलेल्या अजित यांना खलनायकीत जी किंमत आली ती त्या वयामुळेही आली. पांढऱ्या सुटातला, मंद बोलणारा, समाजात मान असलेला हा माणूस व्यवस्थेचाच चेहरा होता. त्या काळातल्या तरुणाचा राग बेकारीवर, भ्रष्टाचारावर, जमलेल्या पैशावर होता आणि या सगळ्याचे मालक वयाने मोठे होते. पटकथेने वेगळे काही सांगायची गरजच नव्हती. दोघांना एका चौकटीत उभे केले की ते कळत असे. 1987 च्या ‘मिस्टर इंडिया’त 54 वर्षांचे अमरीश पुरी आणि तिशीतला अनिल कपूर यांच्यात हेच नाते आहे. अमरीश पुरी मुळात उशिरा आलेले नट. कर्मचारी राज्य विमा महामंडळात नोकरी करीत ते सत्यदेव दुबे यांच्याबरोबर नाटके करायचे आणि चित्रपटात त्यांचा जम बसला तो चाळिशी उलटल्यावर. तो भारदस्त आवाज आणि तो चेहरा घेऊन ते पडद्यावर आले ते थेट वडीलधारे म्हणूनच.

‘शोले’ या मांडणीला अपवाद वाटतो आणि म्हणूनच तो तपासायला हवा. गब्बर झालेले अमजद खान तिशीतले होते, वीरू झालेल्या धर्मेंद्रहून लहान. मग इथे बंड कुठे आहे? ते नाहीच. ‘शोले’तला मूळ झगडा ठाकूर आणि गब्बर यांच्यातला आहे. ठाकूर माजी पोलीस अधिकारी, गावचा धनी, वयाने मोठा. गब्बर त्याच्या अधिकाराला न जुमानणारा. जय-वीरू हे ठाकूरने पैसे देऊन आणलेले हात आहेत. त्यामुळे ‘जंजीर’ आणि ‘दीवार’च्या पाठोपाठ आला असूनही ‘शोले’ त्यांच्या जातीचा नाही. वयस्क अधिकाराने माजलेल्या धाकट्याला वठणीवर आणण्याची कथा, जी पुढे चाळीस वर्षांनी सर्रास झाली, तिचा आराखडा इथेच आहे. फरक एवढाच की 1975 मध्ये त्या वयस्क माणसाला नायक म्हणायचे धाडस झाले नव्हते.

ते धाडस एकविसाव्या शतकात झाले. 2009 साली ‘थ्री इडियट्स’मध्ये 44 वर्षांचा आमिर खान अभियांत्रिकी महाविद्यालयाचा विद्यार्थी झाला. ते वठले, कारण आमिरने शरीर, चाल आणि बोलणे विलक्षण कष्टाने बदलले होते. पण प्रत्येकाला ते जमणारे नव्हते, म्हणून कथांनीच वाट बदलली. नायकाच्या अंगावर वर्दी आली. 2010 च्या ‘दबंग’मध्ये सलमान खान 44 वर्षांचा इन्स्पेक्टर आहे आणि त्याचा शत्रू, तरुण पुढारी छेदी सिंह, सदतिशीतला सोनू सूद. ‘टायगर 3’मध्ये सलमान 57 आणि खलनायक इमरान हाश्मी 44. ‘जवान’मध्ये शाहरुख खान 57 आणि काली गायकवाड झालेला विजय सेतुपती 45. ‘सिंघम अगेन’मध्ये अजय देवगण 55 आणि अर्जुन कपूर 39. रजनीकांतच्या ‘बाशा’त तर 1995 मध्येच खलनायक रघुवरन नायकाहून आठ वर्षांनी लहान होता. नायक पोलीस आहे, गुप्तहेर आहे, लष्करी अधिकारी आहे. त्याला सत्तेशी भांडायचे नाही, त्याच्याकडेच सत्ता आहे. ज्याला मारायचे तो उर्मट, भरकटलेला, वयाने लहान असा कुणी आहे. सत्तरच्या दशकातल्या तरुणाने ज्याच्याविरुद्ध हात उगारला असता, तोच माणूस आता नायकाच्या जागी उभा आहे.

हा बदल राजकीय वाटतो आणि काही अंशी तो आहेच. पण त्याचे पहिले कारण व्यापारी आहे. चित्रपटाला पैसा उभा राहतो तो नावावर. वितरक, वाहिन्या आणि आता ओटीटी कंपन्या ज्या चार-सहा नावांवर आगाऊ रक्कम मोजतात ती नावे तीस-पस्तीस वर्षांपूर्वी तयार झालेली आहेत. नवे नाव घडवायला जे चार-पाच पडणारे चित्रपट सोसावे लागतात ते सोसायची कुणाची तयारी नाही. मग नायक तोच राहतो आणि त्याच्याभोवतीची माणसे बदलतात. खलनायक तरुण घ्यावा लागतो, कारण साठीतल्या खलनायकाशी साठीतल्या नायकाची हाणामारी कुणाला पाहवत नाही; नव्या खलनायकाच्या कमावलेल्या शरीराशी झुंज दिली की नायकाचे शरीरही तेवढेच दमदार ठरते. पूर्वी खलनायक आपले वय वाढवून नायकाला तरुण करीत असे. आता तो आपले तारुण्य त्याला उसने देतो.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो हलका नाही. नटाचे वय मोजत बसणे म्हणजे अभिनयाला हिशेबात बांधणे, असे त्याचे म्हणणे असते. 1984 च्या ‘सारांश’मध्ये अनुपम खेर 29 वर्षांचे होते आणि मुलाच्या अस्थींसाठी सरकारी कचेरीत उभे राहणारे निवृत्त मास्तर बी. व्ही. प्रधान त्यांनी असे उभे केले की दादर-शिवाजी पार्कातल्या कुठल्याही घराला ते आपले वाटावेत. दोन वर्षांनी ‘कर्मा’त त्यांनी दिलीपकुमारांसमोर डॉ. डँग रंगवला, तोही एकतिशीत. वय हा अडथळा नाही याचा याहून चांगला पुरावा नाही. पण हा पुरावा एकाच दिशेचा आहे. तरुण नट म्हातारा होतो तेव्हा त्याला काही मिळवावे लागते: पावलांतला जडपणा, श्वासातला थकवा, बोलण्यातले थांबणे. म्हातारा नट तरुण होतो तेव्हा बहुतेक वेळा काही लपवावे लागते आणि ते लपवण्याचे काम रंगभूषाकार, छायालेखक, हल्ली संगणकावरचे कारागीर आणि जोखमीच्या दृश्यांत बदली नट करतात. पहिल्यात अभिनय वाढतो, दुसऱ्यात तो आक्रसतो. साठीतल्या नटाने साठीतला माणूस करायचे ठरवले तर त्याच्या हाती केवढे भांडार असते, हे 2000 नंतरच्या अमिताभ बच्चन यांनी दाखवून दिले. ‘लाल बादशाह’ 1999 चा, ‘मोहब्बतें’ पुढल्या वर्षीचा. दोन्हींमध्ये नट एकच, पण दुसऱ्यात तो आपल्या वयाशी भांडत नाही.

खलनायिकांचा वेगळा विचार करावा लागतो. पुरुष खलनायकाला तिशीपासून सत्तरीपर्यंत कोणतेही वय चालते. स्त्रीला दोनच वये दिली गेली: नाचणारी, मोहात पाडणारी तरुणी किंवा छळणारी सासू. पहिल्या जागेवर नादिरा, हेलन, बिंदू आल्या; दुसरी जागा ललिता पवार यांनी व्यापली. 1942 मध्ये एका चित्रीकरणात बसलेल्या थपडेमुळे त्यांच्या चेहऱ्याला आणि डाव्या डोळ्याला कायमची इजा झाली, नायिकेच्या भूमिका संपल्या आणि ऐन तारुण्यात त्या म्हाताऱ्या झाल्या. ‘श्री 420’मधली केळेवाली त्यांनी चाळिशीच्या आत केली. त्यांच्या हातून मराठी-हिंदी पडद्याला कैकेयी-मंथरेच्या वळणाची एक अख्खी परंपरा मिळाली. मात्र अधिकार, पैसा आणि महत्त्वाकांक्षा असलेली पन्नाशीतली स्त्री, जिच्या तोडीचे पुरुष खलनायक इतके सहज दिसतात, ती मुख्य प्रवाहात क्वचितच लिहिली गेली.

मराठी ग्रामीण चित्रपटाने खलनायकाचे वय अधिक नेमके पकडले, कारण त्याला ठाऊक होते की गावातली सत्ता पदासोबत येते आणि पद वयासोबत. निळू फुले यांचे पाटील, सरपंच, कारखान्याचे अध्यक्ष चाळिशी-पन्नाशीतले वाटतात आणि होतेही. ‘सामना’त हिंदुराव धोंडे पाटील झालेले फुले आणि त्यांना जाब विचारणारे मास्तर झालेले लागू, दोघेही चाळिशीतले. तरुण नायक तिथे नाहीच. एक दारुडा, हरलेला, वयाने थकलेला माणूस सत्तेला एकच प्रश्न पुन्हापुन्हा विचारत राहतो आणि त्या प्रश्नाला बाहुबळाची जोड नसल्यामुळे तो अधिक बोचतो.

‘सैराट’ 2016 च्या एप्रिलात आला तेव्हा आर्ची झालेली रिंकू राजगुरू पंधराचीही नव्हती आणि आकाश ठोसर तेवीस वर्षांचा होता. नागराज मंजुळे यांनी नावाजलेले चेहरे घेतले असते तर गाणी तशीच गाजली असती. पण आर्चीचे वडील तात्या पाटील यांच्या वाड्यासमोर ती दोघे जी कोवळी आणि असहाय दिसतात ती दिसली नसती. तात्या फारसे काही बोलत नाहीत, आरडाओरडा करीत नाहीत; पोरांचे वय खरे आहे, एवढ्यानेच त्यांच्या सत्तेची भीती अंगावर येते. ‘बॉबी’नंतरच्या अनेक प्रेमकथांत ही भीती पातळ झाली होती, कारण घरच्यांना घाबरणारा प्रियकर पस्तिशीचा दिसत होता.

प्रेक्षकाला वयस्क माणसे पाहायची नसतात, या समजुतीचीही परीक्षा मराठीतच झाली. केदार शिंदे यांचा ‘बाईपण भारी देवा’ 2023 च्या जूनअखेरीस आला. रोहिणी हट्टंगडी, वंदना गुप्ते, सुकन्या मोने, शिल्पा नवलकर, सुचित्रा बांदेकर आणि दीपा परब या सहा बहिणी, बहुतेक पन्नाशीच्या आगेमागे किंवा त्यापुढच्या, त्याच्या केंद्रस्थानी होत्या. बायका घोळक्याने, नटूनथटून चित्रपटगृहांत गेल्या आणि तो मराठीतल्या सर्वाधिक कमाई करणाऱ्या चित्रपटांत जाऊन बसला. ज्या हट्टंगडींना हिंदीने अडतिसाव्या वर्षी सत्तेचाळिशीतल्या नायकाची आई केले होते, त्या इथे बहात्तराव्या वर्षी चित्रपटाच्या नायिकांपैकी एक होत्या.